चव्वेचाळीस फुटांचं दार

“तेवीस,” रुळाच्या खुणेपाशी उकिडवी बसलेली शालन पांचाळ म्हणाली.

मी वही घेऊन हँगरच्या डाव्या खांबापाशी उभा होतो. टेपचं दुसरं टोक बाबालाल वेल्डरनं खांबाला टेकवून धरलं होतं. पण टोक म्हणावं असं तिथं काही नव्हतंच. कापडी टेपचा पहिला फूटभर तुकडा कधीकाळी तुटून गेला होता, आणि बाबालालनं एकचा आकडा अंगठ्याखाली दाबून ठेवला होता.

“ताईंचा टेप असाच हाय, मास्तर,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पयलं फूट गेलंय. टेपवर जो आकडा येतोय त्यातनं एक वजा धरायचा. आमच्या दुकानात समद्यांना ठावं हाय. भायेरचा मानूस फसतोय.”

“मग नवा का घेत नाही?”

“थोरल्या मिस्त्रींचा हाय न्हवं. दुसऱ्या टेपला हात लावला न्हाय त्यांनी कधी.”

मी गंभीरपणे मान डोलावली. बाहेरचा माणूस ठरण्याची मला त्या सकाळी मुळीच इच्छा नव्हती. वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. उजव्या खांबापासूनही शालननं तोच आकडा सांगितला, तोही मी तसाच लिहिला.

“दोन कागद करा,” ती हात झटकत आली. “एक आमच्या दुकानात जाईल, रूळ कापायला. एक गवंड्याला, काँक्रीट वतायला. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात.”

“कोण म्हणतं?”

“कोण न्हाय. मीच म्हणले.”

याला आता सत्तावीस वर्षं झाली. खडकाळीच्या माळावर तेव्हा एक वैमानिक प्रशिक्षण केंद्र होतं: एक धावपट्टी, एक हँगर, चार लहान विमानं आणि त्यांच्या उड्डाणांच्या नोंदी ठेवणारा एक लेखनिक. तो मी. मराठी घेऊन एम. ए. झालेला, आधुनिक कवितेच्या मुक्कामाला असलेला, आणि दुःख आपल्याला फार शोभून दिसतं अशी पक्की समजूत बाळगणारा. दुपारच्या वेळी माळावरून उन्हाच्या लाटा उठत, रिकामी धावपट्टी पाण्यासारखी थरथरे, आणि त्या थरथरीत मला माझं अवघं भविष्य दिसत असे. त्यात कुणीही नसे. ही निर्जनता मी मोठ्या निगुतीनं जोपासली होती.

त्या फेब्रुवारीत ठरलं की केंद्रात दोन इंजिनांचं विमान येणार. हँगरचं जुनं दार छत्तीस फूट उघडत असे, आणि तेही सहा माणसांनी खांदा लावून शिव्यांचा पहिला हप्ता संपवल्यावर. नव्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत चव्वेचाळीस फूट आठ इंच. मधले दोन खांब काढून दार शेहेचाळीस फुटांचं करायचं, तेवीस-तेवीस फुटांची दोन नवी सरकती दारं बसवायची, आणि जमिनीतला रूळ इमारतीच्या दोन्ही अंगांना बाहेर तेवढाच वाढवायचा, म्हणजे उघडल्यावर दारं पूर्णपणे भिंतींपलीकडे जातील. दोन्ही पंखांना आठ-आठ इंच मोकळे राहणार होते. केंद्राचे प्रमुख कॅप्टन सबनीस हवाईदलातून निवृत्त झालेले. त्यांनी शालनला एवढंच सांगितलं होतं, “आठ इंच म्हणजे आठच. सातचा मी विचारही करत नाही.”

शालनचं फॅब्रिकेशनचं दुकान तासगावात होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मिस्त्रींनी, तिथं ट्रॉल्या, गोठ्यांची छपरं, शाळांची फाटकं घडवली. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळले आणि तिनं वेल्डिंगचा काळा चष्मा चढवला. तिचे चुलते गणपतकाका यांना हे पसंत नव्हतं. दुकानाची जागा सामायिक. ती बियाणंवाल्याला द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. शेवटी त्यांनी अट घातली. विमान तू केलेल्या दारातनं आत गेलेलं मी डोळ्यांनी बघीन. गेलं तर दुकान तुझं. नाही गेलं तर पाडव्याला किल्ली माझ्याकडं.

हे तिनं मला भडंग खाताना सांगितलं, शेंगदाणे वेचून बाजूला काढत. तिच्या चेहऱ्यावर मी दुःख शोधलं. सापडलं नाही. ती शेंगदाणे शेवटी खाण्यासाठी राखून ठेवत होती, एवढंच.

“भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“वाटती की. रोज सक्काळी वाटती. मग मशीन चालू केलं की ऐकू येत न्हाय.”

त्यानंतरचा महिना मी उड्डाणांच्या नोंदी कमी आणि ठिणग्यांच्या जास्त ठेवल्या. लोखंडाला लोखंड जोडताना निघणारा तो निळा प्रकाश उघड्या डोळ्यांनी बघू नये, असं बाबालालनं दोनदा बजावलं. मी बघितला. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी चुरचुर झाली. दुसऱ्या दिवशी शालननं माझे लाल डोळे बघून विचारलं, “कविता केली का रडला?” दोन्हींपैकी काहीच केलं नव्हतं, आणि ते कबूल करणं मला जड गेलं.

विमान यायचं त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं कार्यालयाच्या खिडकीवर टकटक केली.

“मास्तर, चला. करंगळी घिऊन या.”

आदल्या संध्याकाळपर्यंत दारांभोवती बांबूंची परांची होती. ती रात्रीतून सोडली होती. दोन्ही दारं बंद होती, राखाडी, सोळा फूट उंच, नव्या रंगाच्या वासात उभी. शालननं मला डाव्या दारापाशी नेलं.

“लावा करंगळी. ढकला.”

“हे हलेल?”

“तुमच्यावानी न्हाय ते. हलतंय.”

मी करंगळी टेकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या अफाट लोखंडानं, जणू कुणी त्याच्या कानात नाव घ्यावं तसं, हलकेच चालायला सुरुवात केली. आवाज नव्हता. बेअरिंगची चाकं रुळावरून तुपातून जावी तशी जात होती आणि माझ्या करंगळीच्या पुढं एक भिंत निघाली होती. हँगरच्या अंधारात उजेडाची उभी फट पडली, रुंदावली, आणि आख्खा माळ आत आला. मला हसू फुटलं. कशाचं ते कळेना. मी दाराबरोबर चालत होतो, चालता चालता पळू लागलो. शालन दुसऱ्या बाजूनं उजवं दार घेऊन पळत सुटली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून दूर दूर जात मोठ्यानं हसत होतो.

दोन्ही दारं रुळाच्या टोकाच्या अडणींना लागून थांबली. तिच्या हसण्याचा आवाज आधी थांबला.

“बाबालाल,” ती म्हणाली, “ही एवढीच उघडली का?”

दाराची कड खांबाच्या आड गेली नव्हती. ती उघड्या जागेत डोकावत होती. शालननं वीत लावली. मग पलीकडे जाऊन तिकडेही लावली.

“हिकडं एक फूट. तिकडं एक फूट. रूळ आखूड हाय.”

शेहेचाळीसातून दोन गेले. चव्वेचाळीस उरले. विमान चव्वेचाळीस फूट आठ इंच. हा हिशेब आम्ही तिघांनीही मनात केला.

बाबालालनं हत्यारांच्या पेटीतून गवंड्याचा मळका कागद काढला. शालननं तो उलगडला, वाचला, आणि माझ्यापुढं धरला. माझ्या सुवाच्य अक्षरात, दोन्ही बाजूंना, बावीस लिहिलेलं होतं.

“मी तेवीस म्हणले हुते.”

“त्यातून मी एक वजा केला.”

“कशाचा?”

“टेपचा. पहिलं फूट तुटलंय म्हणून.”

तिनं कागदावर बोट ठेवलं. “मास्तर, टेपवर चोवीस आलं हुतं. मी वजा करूनच तेवीस म्हणले.”

“मी सांगितलं त्यांना,” बाबालाल खाली बघत म्हणाला. “शानं करायला गेलो. रूळ बी मीच त्या कागदावरनं कापला, तुमाला न इचारता.”

माझ्या पायांखालचा माळ सरकला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी दुकानातला, कुणाच्या तरी पद्धतीतला माणूस व्हायला गेलो होतो, आणि त्या एका फुटाच्या आगाऊपणानं तिचं दुकान बुडणार होतं. माझ्याजवळ शोकाचा एवढा मोठा साठा होता, पण त्यातलं काहीही या प्रसंगाला उपयोगी पडेना.

“मी कॅप्टनना सांगतो,” मी म्हणालो. “तुमच्या काकांनाही. चूक माझी आहे.”

“सांगा. त्यानं विमान आखूड होतंय का?”

आणि मग ती रुळावर बसली आणि हसू लागली. आधी खांदे हलले, मग डोकं गुडघ्यात गेलं. बाबालाल घाबरून तिच्याकडं बघत होता. “दोघांनी,” ती मध्येच श्वास घेऊन म्हणे, “दोघांनी वजा केलं,” आणि पुन्हा हसे. बाबालालच्या मिशा थरथरल्या. मी काही काळ लाजेनं उभा राहिलो, पण ते हसणं वाऱ्यासारखं होतं, अंगावर आलं की तोल जायचाच.

हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. “रूळ आज वाढत न्हाय. नवीन काँक्रीट धरायला आठ दिस. वरची पट्टी बी तितंच संपती, दार फुडं ढकललं तर कलंडंल.” मग ती बाबालालकडं वळली. “बाबालाल, आपल्या बोळातनं वीस फुटी लोखंडी अँगल कसा आत घेतोय आपण?”

“तिरका. आधी एक टोक घालतो, मग फिरवतो.”

तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. ग्रीसचे दोन डबे हँगरच्या फरशीवर ठेवले, पेनाच्या लांबीपेक्षा जरासे जवळ. पेन आडवं धरून पुढं नेलं, डब्यांना अडलं. मग किंचित तिरकं केलं. एक टोक आत गेलं, पेन वळलं, दुसरं टोक सुटलं.

“विमान पेन नव्हे,” मी म्हणालो.

“दार बी डब्यांचं न्हवं. वाईच पालथं पडून बगा, कुठं घासतंय का.”

कॅप्टन सबनीस आले तेव्हा आम्ही तिघंही फरशीवर पालथे पडून डब्यांमधून पेन नेत होतो. त्यांचे चकचकीत बूट माझ्या नाकापासून हातभर अंतरावर थांबले.

“हे काय चाललंय?”

शालन उठून उभी राहिली. “सायेब, दार दोन फूट कमी उघडतंय. चूक आमची. म्हैन्यात रूळ वाढवून देते. आज विमान तिरकं घालावं लागंल.”

कॅप्टन दारं बघून आले. मग त्यांनी टोपी काढून माझ्याकडं दिली आणि तेही पालथे पडले. पेन त्यांनी चार वेळा नेलं.

“शेपटी?” त्यांनी फरशीवरूनच विचारलं.

“शेपटी सतराच फूट हाय. ती मागनं येती, तवर आपण सरळ झालेलो असतोय.”

“पंखाला ओरखडा उमटला तर तुमचं-माझं बोलणं संपलं.”

“व्हय.”

“दोन्ही पंखांच्या टोकांशी माणसं हवीत. टोकावर तळवा ठेवून चालणारी, नजर न हटवणारी.” ते उठले, कपडे झटकले. “श्रीरंग, एका टोकाला तू. चूक तुझ्या अक्षरातली दिसते आहे.”

तीन वाजून दहा मिनिटांनी विमान आलं. पांढरं, पोटाशी निळी रेघ असलेलं. माळावरच्या आमच्या लहान विमानांनी आजवर चिमण्यांसारखी ये-जा केली होती. हे मात्र आकाश आपल्याबरोबर खाली ओढून घेऊन उतरलं. त्याच सुमारास फाटकातून एम-ऐंशी दुचाकीवरून गणपतकाका आले. धोतर, पांढरी टोपी, आणि दोष शोधायला निघालेल्या माणसाचं शांत तोंड.

“हेच का ते,” ते विमानाकडं बघत म्हणाले. “मोठं दिसतंय. दार बारकं वाटत न्हाय का ग?”

“वाटतंय बारकं,” शालन म्हणाली.

दोन्ही इंजिनं बंद झाली. पुढच्या चाकाला दांडा लावला; त्यावर कॅप्टन आणि वैमानिक. ढकलायला बाबालाल आणि केंद्राचे दोन मेकॅनिक. शालन दाराच्या रेषेवर उभी, जिथून दोन्ही कडा दिसतील. डाव्या पंखाच्या टोकाला मी. उजव्या टोकाला कुणीच उरलं नव्हतं.

“काका,” शालन म्हणाली, “उजवा पंख तुमी धरा.”

“मी?”

“तुमच्याबिगर कुणावर सोडू?”

काकांनी तिच्याकडं बघितलं, विमानाकडं बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, त्या जोडीनं कडेला ठेवल्या, आणि तळवा पंखाच्या टोकावर असा अलगद टेकवला, जसा पहिल्यांदा विकत घेतलेल्या बैलाच्या वशिंडावर टेकवतात. त्यांना बघून मीही चपला काढल्या. का, ते सांगता येत नाही.

“हळू,” कॅप्टन म्हणाले.

विमान हललं. त्याचं नाक उजवीकडं वळलं, आणि माझं टोक आधी दारात शिरलं. पायांखाली तापलेलं काँक्रीट होतं ते एकदम गार झालं. मी अंधारात होतो, काका चव्वेचाळीस फुटांवर लख्ख उन्हात, आणि आमच्या दोघांमध्ये तो लांबच लांब पंख, एकच थरथर दोघांच्या तळव्यांत.

“मास्तर, तुमच्या अंगाला किती?” शालननं विचारलं.

“एक वीत.”

“काका?”

“हाय हाय, जागा हाय. येऊ द्या.” मग आवाज चढला. “ए, मागनं रेटू नगा. ते काय ट्रॉली हाय? जरा ढील द्या. आता नाक डावीकडं घ्या, सायेब. आवो डावीकडं.”

कॅप्टन सबनीसांनी, ज्यांना माळावर कुणी कधी आज्ञा केली नव्हती, नाक डावीकडं घेतलं.

“आणखी. आणखी वाईच. थांबा.”

सगळं थांबलं. माझ्या बाजूला पंखाचा मधला भाग दाराच्या कडेजवळून चालला होता. शालननं वाकून बघितलं आणि आमच्याकडं दोन बोटं उंचावली: फट तेवढीच. काकांच्या बाजूला कड आणि टोक यांच्यात किती अंतर होतं ते मला दिसत नव्हतं. फक्त काकांचं तोंड दिसत होतं. ते ओठ दाबून, एका पायावर तोल सांभाळत, उभे होते. सत्तरीचा माणूस, पण त्या घटकेला त्यांचं वय तिथं नव्हतं.

“चला,” ते कुजबुजले. एवढ्या हलक्या आवाजात सांगितलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

विमान फिरलं. उजवं टोक दाराच्या कडेपाशी आलं, तिला न शिवता तिच्या पुढून गेलं, आणि काका उन्हातून सावलीत आले. शेपटी मागून सरळ, निमूट आत शिरली. चाकांना अडणी लागल्या.

मग बाबालाल खाली बसला आणि हसू लागला, आणि एका मेकॅनिकनं दुसऱ्याला मिठी मारली, आणि कॅप्टन सबनीस, टोपी काखेत धरून, छताकडं बघत एकटेच हसत उभे राहिले. इतका आनंद अंगात ठेवायचा कुठं, हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. गणपतकाकांनी तळवा अजून उचलला नव्हता.

शालन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं तोंडावरचा घाम बाहीनं पुसला. त्या क्षणी ती गप्प राहिली असती तर दुकान तिचं होतं. विमान आत होतं आणि काकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “चूक झालीया. दार दोन फूट कमी उघडतंय. सरळ जात न्हाय. म्हणून तिरकं घातलं.”

काकांनी तिच्याकडं वळून बघितलं.

“मला शिकवू नगंस,” ते म्हणाले. “विमान तिरकंच घालत्यात.”

“काका, खरंच चुकलंय. म्हैन्यात रूळ वाढवणार हाय मी.”

“खरं आहे ते,” कॅप्टन म्हणाले.

काकांनी कॅप्टनकडं मोठ्या अनुकंपेनं बघितलं. “सायेब, तुमी वर उडवता. तुमचा त्यात हात कुणी धरायचा न्हाय. पर मोठं जनावर दारातनं आत कसं न्यायचं, ते आमाला ठावं. सरळ नेलं की बुजतंय.” मग शालनला, अगदी सहज, “त्या बियाणंवाल्याला मी आजच सांगतो. दुसरीकडं जागा बघ म्हणावं.”

सांगायचं ते शालननं दोनदा सांगितलं होतं. तिनं वळून शिडी उचलली. उजव्या दाराच्या कडेला एक धारदार खडबडीत जागा राहिली होती. ती घासायला ग्राइंडर घेऊन ती वर चढली, आमच्याकडं पाठ करून. तिची पाठ हलत होती. ती हसत होती की रडत होती ते मला आजही विचारता आलेलं नाही, आणि आता तसं विचारायची गरजही उरलेली नाही. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्यांचा झोत सुटला.

काका चपला घालून माझ्यापाशी आले. त्यांनी मला पायांपासून वर निरखलं. मी अजून अनवाणीच होतो.

“तुमी मास्तर म्हंजे, शाळंत?”

“नाही. इथंच लेखनिक आहे.”

“हात स्थिर हाय तुमचा. पंख हलू दिला न्हाय.” त्यांनी टोपी नीट केली. “घरी कोन कोन असतं?”

हा प्रश्न आमच्याकडं कधी आणि कशासाठी विचारतात ते मला माहीत होतं. तरी तो मला विचारला गेला आहे हे कळायला दोन श्वास लागले.

“आई आणि मी,” मी म्हणालो. “दोघंच.”

शिडीवरचा ग्राइंडर बंद झाला.

“दोघंच,” काका म्हणाले. मान वर न करता त्यांनी आवाज जरा मोठा केला. “मग घर बारकंच असंल.”

“बारकंच आहे,” मी तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो. “वाढवता येईल.”

वर बराच वेळ काहीही सुरू झालं नाही.